नदीत बीज सोडलं म्हणजे नदीतला मासा वाचला असं नाही

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की हॅचरीतलं बीज, म्हणजे टाकीत जन्माला घातलेली माशांची पिल्लं, दिसेल त्या नदीत सोडणं आधी थांबवा, मग ते रोहूचं असो की म्हाशीरचं. त्यावर बरीच पत्रं आली, फोन आले, काहीजण चांगलेच चिडले होते आणि त्यांचं चिडणं मला समजतं, कारण ज्याचं पोट तलावावर आहे त्याला बीज थांबवा म्हटलं की धस्स होणारच. मी स्वतः मत्स्यबीज केंद्रांवर नोकरीतली बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे हॅचरीच्या विरोधात मी नाही हे आधीच सांगून टाकतो. आलेल्यातले पाच प्रश्न इथे घेतलेत, बाकीच्यांची उत्तरं बहुतेक ह्यातच येतील.

प्रश्न : उजनीच्या बॅकवॉटरला आमची तिसरी पिढी मासेमारी करतेय. दरवर्षी बोटुकली सोडतात, पेपरात लाखांचे आकडे येतात. पण आजोबा सांगायचे ते खडस, कोळशी, वाम, शिवडा जाळ्यात दिसतच नाहीत, नुसती चिलापी. मग एवढं बीज जातं कुठं?
— एक मच्छीमार वाचक, इंदापूर तालुका

बीज कुठंही जात नाही दादा, ते धरणातच असतं, वाढतं आणि तुमच्याच जाळ्यात येतं, फक्त ते खडस-कोळशीचं बीज कधी नव्हतंच. धरणात पडते ती बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, कटला, रोहू, मृगळ यांची, कधी सायप्रिनस, कधी गवत्या. पहिले तिघे मुळात उत्तरेकडचे, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले, आणि सायप्रिनस-गवत्या तर देशाबाहेरून आलेले. कटला-रोहू-मृगळ तलावात झकास वाढतात पण साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून दरवर्षी नवीन बीज टाकावं लागतं. ही पेरणी आहे. ज्वारी पेरतो तशी. पेरणीला माझी काही हरकत नाही, तलावावर हजारो घरं त्याच्यावर जगतात.

पण नदीतला मूळचा मासा राखणं हे वेगळं काम आहे आणि आपल्याकडे दोन्ही कामं एकाच रजिस्टरच्या एकाच रकान्यात लिहिली जातात, मत्स्यबीज संचयन इतके लाख. मासेमारी हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय आहे, नोंद क्रमांक २१, म्हणजे गोड्या पाण्यात काय सोडायचं, किती सोडायचं, कधी पकडायचं नाही हे ठरवायचा अधिकार राज्याचा. आणि राज्याचे नियम, अटी, ठेक्याचे करार बघितलेत तर सगळा भर किती नग आणि किती मोठे ह्यावर असतो, कुठल्या नदीचं आणि किती आईबापांचं हा प्रश्न कागदावर क्वचितच येतो.

किती आईबापांचं हे मी का म्हणतोय ते हॅचरीत उभं राहिल्याशिवाय लक्षात येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पूर्वी बीज गंगेच्या पुरात जाळी लावून पकडायचे आणि कलकत्त्याहून रेल्वेने हंड्यांमधून देशभर यायचं, त्यात नको त्या जाती पण मिसळलेल्या असायच्या. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात मासे प्रजननाला आणून दाखवले, म्हणून तर १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस असतो. आम्ही नवीन होतो तेव्हा मार्केटातून माशांची डोकी आणून कवटीतून ती मोहरीएवढी ग्रंथी चिमट्याने काढायची आणि अल्कोहोलच्या बाटलीत ठेवायची हे काम असायचं, आता तयार हार्मोनची बाटली मिळते. संध्याकाळी इंजेक्शन दिलं की मध्यरात्रीनंतर गोल टाकीत पाण्याचा सळसळाट सुरू होतो, माद्या अंडी सोडतात, नर मागे धावतात, आणि सकाळी टाकीत भिजलेल्या साबुदाण्यासारखी लाखो अंडी गरगर फिरताना दिसतात. चौदा ते अठरा तासांत फुटतात. तीन दिवसांनी पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत घेऊन बघितलं तर दोन काळे ठिपके म्हणजे डोळे आणि मागे केसासारखी शेपूट, ते मत्स्यजिरे. जिरे मोजत नाहीत, वाटीने मापतात.

आता हिशोब बघा. रोहूची मादी किलोमागे दीड-दोन लाख अंडी देते. निम्मी वाया गेली धरली तरी दहा लाख जिऱ्यांना चार-पाच मोठ्या माद्या पुरतात. म्हणजे हॅचरीवाल्याला दरवर्षी शे-दोनशे ब्रूडर, म्हणजे बीजासाठी राखलेले नर-मादी, सांभाळायची गरजच पडत नाही, तो त्याच वीस-पंचवीस माशांवर काढतो, मग त्यांचीच पोरं पुढे ब्रूडर होतात, मग त्यांची पोरं. काही वर्षांनी वाढ खुंटते, वाकड्या पाठीचे निघतात, रोगाला लवकर बळी पडतात. मी एका केंद्रावर (नाव घेत नाही) स्वतः बघितलंय की ऐन पावसाळ्यात रोहूचे नर कमी पडले म्हणून कटल्याचे नर टाकले आणि ते बीज रोहू म्हणूनच विकलं गेलं. दिसायला फारसा फरक नसतो बोटाएवढं असताना, घेणाऱ्याला कळणार कसं? त्या दिवशी मी बोललो पण सही करणाऱ्यांच्या पुढे माझं चाललं नाही, आणि ते मला अजून लागतं.

चिलापीचं तुम्ही विचारलं, तर ती १९५२ साली भारतात आणली गेली, मादी अंडी तोंडात सांभाळते, तिला पूर पण नको आणि हॅचरी पण नको, धरणातल्या साठलेल्या आणि घाण पाण्यात तिचं बरं चालतं. खडस आणि कोळशीला मात्र वाहतं स्वच्छ पाणी आणि पहिल्या पुराला वर चढायला मोकळी वाट लागते. भीमेवर आणि तिच्या उपनद्यांवर धरणं आणि केटी बंधाऱ्यांची रांग आहे, बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, वेळेवर निघाले नाहीत तर वर चढणारा मासा बंधाऱ्याखाली अडून राहतो आणि तिथंच जाळ्यात सापडतो, त्यात खालची वाळू उपसून नेलेली. तिथं कितीही लाख रोहू सोडा, खडस परत येणार नाही. तुमच्या संस्थेला एक करता येईल, बरगे मे संपायच्या आत काढा असं पाटबंधारे खात्याकडे दरवर्षी लेखी मागा. फुकट आहे आणि बीजापेक्षा जास्त उपयोगी आहे.

प्रश्न : सर, मी हौशी गळकरी आहे, पकडून सोडणारा. लोणावळ्याच्या हॅचरीने म्हाशीर देशभर पोचवलं म्हणून तर म्हाशीर वाचलं असं आम्ही ऐकत आलो. तुम्ही मागच्या अंकात त्यालाच दोष दिलात. असं का?
— एक वाचक, पुणे

दोष दिला नाही, पण वाक्य घाईत लिहिलं गेलं असेल तर आज नीट लिहितो, कारण ह्या विषयातलं सगळ्यात मोठं शिक्षण मला ह्याच गोष्टीने दिलंय.

आपला जो म्हाशीर आहे, खडस म्हणा, त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. हे खुद्री आलंय आपल्याच मराठी नावावरून. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत फिरायचा, त्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून मासे गोळा केले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णनं छापली, आणि भोई लोक जी नावं सांगायचे तीच लॅटिनच्या साच्यात घातली, खुद्री, कोलस, मुसुल्ला. जगभरातल्या शास्त्रज्ञांच्या कागदावर आज पण ती नावं तशीच आहेत आणि मुळा-मुठेत तो मासा शोधायला गेलात तर काय दिसतं ते पुणेकरांना सांगायला नको.

१९७० च्या सुमारास खडस खरोखर कमी होत चालला होता. तेव्हा डॉ. सी. व्ही. कुलकर्णी, जे राज्याच्या मत्स्यखात्याचे संचालक राहिले होते, त्यांच्या मार्गदर्शनाखाली लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाजवळ म्हाशीरचं प्रजनन यशस्वी झालं. हे सोपं काम नाही हो. रोहूसारखी लाखांनी अंडी नाहीत, मादी किलोला काही हजार देते, ती पण एकदम नाही, टप्प्याटप्प्याने, आणि पोटावरून हात फिरवून अलगद पिळून काढावी लागतात. पिवळीधमक, मण्यासारखी, तळाशी बसणारी अंडी, फुटायला तीनेक दिवस लागतात, एक बुरशी धरलं की शेजारची पण जातात, म्हणून माणसं ट्रेजवळ बसून पिसाने मेलेली अंडी उचलत राहायची. अशी मेहनत करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे आणि राहील.

पण मग काय झालं की बीज भरपूर तयार व्हायला लागलं आणि मागेल त्या राज्याला दिलं गेलं. १९७०-८० च्या दशकांत ते कर्नाटकात कावेरीत सोडलं. कावेरीत आधीपासून दुसराच म्हाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, प्रचंड मोठा, १९४६ साली कबिनी नदीत गळाला लागलेला १२० पाउंडांचा मासा हाच. आपला निळसर पराचा खडस तिथे रुळला, वाढला, गळकऱ्यांना भराभर मिळायला लागला, सगळे खूश. पण कावेरीकाठच्या अँगलिंग कॅम्पवर १९९८ ते २०१२ पर्यंत रोज कुणाला कुठला मासा लागला ह्याच्या वह्या ठेवलेल्या होत्या, त्या नंतर अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा दिसलं की निळ्या पराचे वाढत गेले आणि कुबडवाले जवळजवळ दिसेनासे झाले, आणि विशेषतः कुबडवाल्यांची लहान पिल्लं यायची बंद झाली. जागा, खाणं, कदाचित संकर, वाळू उपसा, सुरुंग, धरणं, कारणं बरीच असतील, पण वाईट गोष्ट ही की हे होत असताना त्या कुबडवाल्याचं नाव सुद्धा नक्की नव्हतं. २०१८ मध्ये ठरलं की तो टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो आययूसीएन ह्या जागतिक निसर्ग संघटनेच्या अतिसंकटग्रस्त यादीत गेला. आणि त्याच वेळी आपला खडस धोक्याच्या यादीतून बाहेर काढला गेला.

म्हणजे बघा, एक मासा वाचवताना दुसऱ्याचं घर गेलं, आणि कुणाची नियत वाईट नव्हती. नियमच नव्हता. कृष्णेच्या खोऱ्यातला मासा कावेरीत सोडायचा असेल तर आधी तिथे कोण राहतो ते बघा आणि लेखी परवानगी घ्या असं कुणी कुणाला विचारलंच नाही, एका राज्याने मागितलं, दुसरीकडून पाठवलं. म्हाशीर वाचवा हे वाक्यच मला आता अपुरं वाटतं, कुठला म्हाशीर आणि कुठल्या नदीतला हे त्यात नाही. आणि तुम्ही पकडून सोडणारे गळकरी आहात तर कावेरीच्या गोष्टीतून एक घ्या, तुमच्या वहीत मासा लागल्याची तारीख, ठिकाण, लांबी आणि फोटो ठेवा, कारण तिथे सरकारी आकड्यांनी नाही, गळकऱ्यांच्या वह्यांनी खरं सांगितलं.

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही वॉशिंग्टन राज्यात, टकोमाजवळ राहतो. इथे नवरा आणि मुलगा साल्मन, स्टीलहेड पकडायला जातात तर बऱ्याच ठिकाणी नियम असा आहे की पाठीवरचा छोटा पर कापलेला मासाच घरी न्यायचा, पर शाबूत असेल तर पाण्यात परत. मुलाला वाटतं की कापलेला मासा आजारी असतो. खरं काय?
— एक वाचक, टकोमा

मुलाला सांगा की आजारी नाही, तो हॅचरीतला आहे एवढीच खूण आहे ती. पाठीवरचा मोठा पर आणि शेपूट ह्यांच्या मधे जो छोटा मांसल पर असतो तो हॅचरीत पिल्लू असतानाच काढतात, जखम भरून येते, मासा समुद्रात जातो, काही वर्षांनी परत नदीत येतो तेव्हा पकडणाऱ्याला बोट फिरवून कळतं की हा हॅचरीचा, हा नेता येईल. पर शाबूत आहे म्हणजे बहुधा नदीत जन्मलेला, तो अंडी घालायला वर जाऊ द्यायचा. मला हा नियम फार आवडतो, कारण एका कापलेल्या पराने कायदा प्रत्येकाच्या हातात आला, इन्स्पेक्टर जागेवर असो नसो.

पण तिकडे पण हे शहाणपण फुकट आलं नाही. अमेरिकेत साल्मनची हॅचरी १८७२ मध्ये कॅलिफोर्नियात मॅक्लाउड नदीवर सुरू झाली, आणि पुढे कोलंबिया नदीवर मोठमोठी धरणं बांधताना हॅचरी हाच भरपाईचा मार्ग धरला गेला, धरण बांधा, मासा अडला तर खाली हॅचरी काढा. बॉनविल १९३८, ग्रँड कूली १९४२, त्या ग्रँड कूलीला तर मासा वर जायची वाटच ठेवली नाही. शंभर वर्षं कोट्यवधी पिल्लं सोडूनही १९९१ मध्ये स्नेक नदीचा सॉकाय साल्मन तिथल्या केंद्राच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली घ्यावा लागला, आणि मग एकामागून एक बाकीचे.

दोन गोष्टी मी शिकवताना नेहमी सांगायचो त्या तुम्हालाही सांगतो. ओरेगॉनच्या हूड नदीवरच्या स्टीलहेडचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आईबापांपर्यंत जनुकीय माग काढला आणि निघालं की हॅचरीत वाढवण्याच्या प्रत्येक पिढीमागे माशाची नदीत पिल्लं देण्याची ताकद साधारण ४० टक्क्यांनी कमी होते. टाकीत जगायला जो गुण लागतो तो नदीत जगायला लागत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. आणि दुसरी मोंटाना राज्याची. तिथे मॅडिसन नदीत ट्राउट सोडणं थांबवून बघितलं तर नदीतले ट्राउट कमी व्हायच्या ऐवजी वाढले, म्हणून १९७४ पासून त्या राज्याने ज्या नद्यांमध्ये ट्राउट स्वतःहून टिकतात तिथे हॅचरीचे सोडणं बंदच केलं. तेव्हा गळकऱ्यांनी केवढी आरडाओरड केली होती, आणि आज मोंटानाची ओळखच रानटी ट्राउटची नदी अशी आहे.

आणि तुमच्याच वॉशिंग्टनमध्ये १९७४ सालीच न्यायाधीश बोल्ट यांचा निकाल आला की करार केलेल्या आदिवासी जमातींना पकडण्याजोग्या साल्मनमधला निम्मा वाटा मिळाला पाहिजे. त्यामुळे तिथे हॅचरी बंद करा म्हणणं सोपं नाही, हॅचरीतला मासा हा त्या लोकांच्या कराराच्या हक्काचा भाग झालाय, जमाती स्वतः हॅचरी चालवतात आणि धरणं पाडायची लढाई पण त्यांनीच लढली. एल्वा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली ती बघायला मुलाला घेऊन जा. टकोमाहून दिवसभराची सहल होईल आणि साल्मन वर चढताना दिसले तर मला फोटो पाठवा, पुढच्या अंकात छापतो.

प्रश्न : मी ढिवर समाजातला आहे, बीएससी झालोय, मामा (माजी मालगुजारी) तलावाजवळ स्वतःची हॅचरी टाकायचा विचार आहे. अनुदान मिळते म्हणतात. परवानगी काय लागते आणि तुम्ही म्हणता तसं नीट काम करायचं तर कसं करू?
— एक वाचक, भंडारा जिल्हा

भाऊ, पत्र वाचून बरं वाटलं. अनुदान आहे, प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० पासून सुरू झाली, त्यात सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के, अर्ज जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात. कागदपत्रं तिथेच कळतील, त्यात मी वेळ घालवत नाही.

कायद्याचं एवढं लक्षात ठेव की शेतीच्या बियाण्याला १९६६ चा बियाणे कायदा आहे, त्यात मत्स्यबीज येत नाही. केंद्राने हॅचरीला मान्यता द्यायची आणि बीज प्रमाणित करायची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, पण मार्गदर्शक तत्त्वं आणि कायदा ह्यात फरक असतो. आसामने २००५ मध्ये आणि केरळने २०१४ मध्ये मत्स्यबीजाचा वेगळा कायदा केला, नोंदणीशिवाय हॅचरी चालवायची नाही, खराब बीज विकलं तर कारवाई. माझं स्पष्ट मत आहे की असा कायदा प्रत्येक राज्यात पाहिजे, कापसाचं बोगस बियाणं निघालं तर शेतकरी निदान तक्रार करू शकतो, मत्स्यबीज बोगस निघालं हे कळायलाच सहा-आठ महिने जातात आणि तोवर तलावाचा हंगाम गेलेला असतो.

कायदा येईपर्यंत तुझी वही हाच तुझा कायदा. प्रत्येक ब्रूडर कुठून आणला, कधी आणला, कुठल्या मादीला कुठले नर लावले, हे लिहीत जा. जमलं तर चिप टोच, नाहीतर पराला खूण कर. नर-मादी जास्तीत जास्त जोड्या वापर, चार माद्यांत काम भागत असलं तरी चाळीस वापर. दर दोन-तीन वर्षांनी काही ब्रूडर लांबच्या हॅचरीशी बदल आणि नवीन आलेला मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेव. आणि नर कमी पडले तर त्या दिवशी बीज काढू नको, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

जयंती रोहू घ्यायचा मोह होईल, चांगला आहे, भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा इथल्या केंद्रीय संस्थेने निवड पद्धतीने तयार केला, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी म्हणून जयंती नाव. पण तो तलावासाठी आहे, बंदिस्त पाण्यासाठी. नदीत सोडायला कुणी मागितला तर देऊ नको. नदीसाठी रिव्हर रँचिंग नावाचा वेगळा कार्यक्रम आहे आणि त्याचं तत्त्वच हे आहे की त्याच नदीतले ब्रूडर आणून त्यांचं बीज त्याच नदीत सोडायचं. ते काम मागायला ये, त्यात पैसा कमी आहे पण वैनगंगेला आज तेच पाहिजे.

आणि थाई मांगूर. लोक येतील तुझ्याकडे, म्हणतील गुपचूप करून दे, लवकर वाढतो, काहीही खातो. काहीही खातो हीच तर अडचण आहे, बेडूक, पिल्लं, दुसरे मासे, आणि पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत शेजारच्या नाल्यात जातो. केंद्राने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातलीय, आपल्या राज्यात अनेक ठिकाणी तळी रिकामी करून मासे नष्ट करण्याच्या कारवाया झाल्यात. त्या वाटेला जाऊ नको. त्यापेक्षा तुमच्या मामा तलावातला मरळ, देशी मांगूर आणि वाम कसा वाढेल ते बघ, तलावातली देशी पाणवनस्पती राखली तर मरळ स्वतःच घरटं करतो आणि पिल्लं राखतो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यांना विचार आणि लिहून घे.

प्रश्न : आमच्या गावच्या नदीत देवळाखाली एक कोंड (खोल डोह) आहे, तिथले मासे देवाचे म्हणून कुणी पकडत नाही. आता एकजण म्हणतोय की देवस्थानतर्फे तिथे हॅचरीतले अजून मासे सोडू, पर्यटक येतील. ग्रामपंचायत सदस्य म्हणून मी काय करावं?
— एक वाचक, रायगड जिल्हा

पहिली गोष्ट, ताई, ते बीज सोडू देऊ नका, ठराव करूनच नको म्हणा.

असे कोंड आपल्याकडे आहेत म्हणून काही ठिकाणी म्हाशीर टिकलाय. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनी मातेचं देऊळ, तिथे पाण्याजवळ गेलं की हातभर लांबीचे म्हाशीर कुरमुऱ्यांसाठी काठाशी येतात, तोंडं पाण्याबाहेर काढून, आणि सूर्य वरून आला की खवल्यांवर पितळेसारखी चमक दिसते. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वरला पण तसंच. कुठलाही इन्स्पेक्टर नसताना हे राखलं गेलं. अशा कोंडातला मासा त्या नदीचा शुद्ध वाण आहे, उद्या त्या नदीसाठी रँचिंग करायचं ठरलं तर ब्रूडर तिथूनच घ्यावे लागतील. त्यात बाहेरचं बीज एकदा मिसळलं की ते वेगळं काढता येत नाही, आणि हॅचरीच्या पाण्याबरोबर रोग पण येतो, म्हणून मी एवढं ठामपणे सांगतोय.

कायद्यात तुमच्या हातात बरंच आहे. जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, बहुतेक ठिकाणी कागदावर असते, ती जागी करा, आणि लोक जैवविविधता नोंदवहीत कोंडाची नोंद घाला, माशांची गावातली नावं, पाण्याची खोली, उन्हाळ्यात किती उरतं, सगळं. त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकतं. हे नुसतं पुस्तकातलं नाही, आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या तळ्यात २०२० मध्ये एका छोट्या माशाची नवीन जात नोंदवली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ते २.११ हेक्टरचं क्षेत्र वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. बोटाएवढ्या माशासाठी सरकारने अधिसूचना काढली, तर तुमच्या हातभर म्हाशीरसाठी मागायला काय हरकत आहे?

आता अवघड भाग. कोंडात मासा सुरक्षित आहे पण अंडी घालायला तो कोंडात थांबत नाही, पहिल्या पावसात वर ओढ्यांकडे चढतो, आणि तेव्हा तुमच्याच गावातली माणसं चढणीचे मासे पकडायला रात्री बत्त्या घेऊन जातात, पालघर-ठाण्याकडे ह्यालाच वलगणीचे मासे म्हणतात. मी लहानपणी गेलोय, वडिलांबरोबर, पोटात अंडी असलेले मासे पाटीभर आणलेत, त्याची चव आणि ती रात्र दोन्ही मला आठवतात, म्हणून लोकांना एकदम बंद करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण पूर्वी हातजाळी, येंडी घेऊन दहा घरं जायची, आता अख्ख्या ओढ्याला आडवी बारीक नायलॉन जाळी लावतात, कुणी ब्लीचिंग पावडर टाकतं, कुणी करंटचं वायर. विष आणि सुरुंग घालून मासे मारणं १८९७ च्या इंग्रजांच्या कायद्यापासून गुन्हा आहे, राज्याने १९६० मध्ये स्वतःचा कायदा केला त्यानंतरही आहे, त्यासाठी पोलीस पाटलाला सांगून सरळ तक्रार करा, तिथे भीड नको. चढणीच्या माशांचं मात्र गावात बसून ठरवा. काही गावांत मी सुचवलं होतं की पहिल्या पुराचे पहिले तीन दिवस कुणीच जायचं नाही, ओढ्याची निम्मी रुंदी कायम मोकळी ठेवायची आणि पोट फुगलेली म्हाशीरची मादी मिळाली तर वर सोडायची, बाकी चिंगळ्या-मळ्ये खुशाल न्या. बायकांनी लगेच मान्य केलं, तरुण पोरांना पटायला दुसरा पावसाळा लागला.

नोंदवहीत एक रकाना मुद्दाम ठेवा, दरवर्षी पहिला मासा चढला ती तारीख. गावातल्या कुठल्याही शाळकरी पोराला हे काम द्या, ते आनंदाने करतील. यंदाची तारीख मला कळवा, जून संपायच्या आत.